स्लेप्टॉनांतला फ्लेवरभंग कोलायडरवर शोधण्यात अर्थ उरलाय का?

सह्यकडा: न्यूट्रिनो प्रकार बदलतात हे १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने दाखवलं. मग इलेक्ट्रॉन आणि त्याची जड भावंडं म्युऑन, टाऊ यांच्यात तसं, म्हणजे प्रकार बदलणं किंवा फ्लेवरभंग, का दिसत नाही, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्यासाठी एलएचसी या कण आदळवणाऱ्या महायंत्रावर (कोलायडरवर) सुपरसिमेट्रीचे कण, म्हणजे ज्ञात कणांचे कल्पिलेले जोडीदार, धुंडाळणं मला पटत नाही. स्वित्झर्लंडमधल्या मेग-२ प्रयोगाने २०२५ मध्ये सांगितलं, की म्युऑन इलेक्ट्रॉन आणि फोटॉनमध्ये फुटत असलाच, तर दहा लाख कोटींत १.५ हून जास्त वेळा नाही. स्लेप्टॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन-म्युऑन-टाऊंचे असे जोडीदार, एकमेकांत मनसोक्त मिसळत असते तर तिथेच पकडले गेले असते.

रानवाट: साफ असहमत. मेगमध्ये स्लेप्टॉन प्रत्यक्ष तयारच होत नाहीत, त्यांचा फक्त आडून परिणाम होतो. दोन स्लेप्टॉनांची वस्तुमानं जवळजवळ सारखी असली की त्यांचे हातभार एकमेकांना खोडतात. मग मिसळण भरपूर असूनही काही दिसत नाही. कोलायडरवर खरा स्लेप्टॉन जन्मला तर फुटण्याआधी तो प्रकार बदलू शकतो. तिथे वस्तुमानांतला फरक त्याच्या क्षय-रुंदीशी (तो किती झटपट फुटतो याच्या मापाशी) तोलायचा, अख्ख्या वस्तुमानाशी नाही, आणि ही रुंदी फारच लहान असते. अर्कानी-हामेद, चेंग, फेंग आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच हे मांडलं होतं.

सह्यकडा: कागदावर छान. पण इलेक्ट्रॉन-म्युऑन जोडी आणि हरवलेली ऊर्जा (न दिसलेल्या कणांनी नेलेली) ही फ्लेवरभंगाची खूण टॉप क्वार्कच्या जोड्याही ढिगाने देतात. २०१५ मध्ये एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाला हिग्ज कण टाऊ-म्युऑनमध्ये फुटल्याची २.४ सिग्माची, म्हणजे योगायोगही असू शकेल इतपत, चाहूल लागली होती. १३ टीईव्ही या वाढीव ऊर्जेच्या टकरींची नवी माहिती आली आणि ती विरली.

रानवाट: विरली म्हणजे शोध चोख झाला! आणि टॉपची गर्दी असली तरी न्यूट्रलिनो (सुपरसिमेट्रीचाच विद्युतभार नसलेला कण) फुटून स्लेप्टॉन आणि तो पुढे फुटतो, त्या साखळीत जोडीच्या वस्तुमानाचा आलेख एका ठिकाणी कड्यासारखा तुटतो. टॉपचा तसा तुटत नाही. खरी चिंता वेगळीच आहे. पार्श्वभूमी काढायला इलेक्ट्रॉन-म्युऑन घटना वजा करायची पद्धत सर्रास वापरतात. फ्लेवरभंग असेल तर आपण आपल्याच हाताने तो पुसतोय.

दर्यावर्दी: दोघेही टाऊला विसरलात. टाऊ म्युऑन आणि फोटॉनमध्ये फुटण्यावरची जपानच्या बेल प्रयोगाची मर्यादा दहा कोटींत साधारण ४. म्युऑनच्या मानाने किती सैल! टाऊ-म्युऑन जोड्या शोधायलाच हव्यात.

सह्यकडा: टाऊचा मुद्दा मान्य. पण जड न्यूट्रलिनोच अजून सापडलेला नाही. त्याच्या क्षयातला बारकावा आत्ता मोजायला माणसं आणि वेळ कशाला? ती ताकद म्युऑनचा थेट इलेक्ट्रॉन होतो का हे शोधणाऱ्या प्रयोगांना, अमेरिकेतल्या फर्मीलॅबच्या म्यू-टू-ई आणि जपानच्या कॉमेटला, द्या.

रानवाट: तिथे संकेत मिळाला तरी तो स्लेप्टॉनचाच की आणखी कशाचा, हे कोण ठरवणार? त्यासाठी कण समोर यावाच लागेल.