अमेरिकेत नर्सिंगसाठी स्कॉलरशिप: अर्ज कुठून सुरू करायचा?

प्रश्न: विद्यार्थिनीकडे ग्रीन कार्ड आहे, कॉलेजला जाणारी घरातली ती पहिलीच. वंचित गटांसाठीच्या स्कॉलरशिप कशा शोधायच्या?

उत्तर १: आधी फॅफसा (FAFSA, शिक्षणासाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरा. ‘स्कॉलरशिप्स फॉर डिसअॅडव्हान्टेज्ड स्टुडंट्स’ या सरकारी योजनेचे पैसे कॉलेजमार्फतच मिळतात, म्हणून फायनान्शियल एडच्या ऑफिसात थेट विचारा, हे अनुदान तुमच्याकडे आहे का? सगळ्याच कॉलेजांकडे नसतं. ग्रीन कार्ड चालतं.

उत्तर २: नर्स कोअर (Nurse Corps, नंतर ठरावीक काळ काम करण्याच्या बदल्यात मिळणारी सरकारी स्कॉलरशिप) हीही बघा, तिथेही ग्रीन कार्ड चालतं. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर या अशाच दुसऱ्या सरकारी योजनेला मात्र नागरिकत्व लागतं, त्यात वेळ घालवू नका. नर्स कोअरचा करार नीट वाचा: किमान २ वर्षं नर्सची टंचाई असलेल्या ठिकाणी पूर्णवेळ काम करायचं. करार मोडला तर पैसे व्याजासकट परत.

उत्तर ३: बरेच अर्ज निबंधात मार खातात. ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ हे सगळेच लिहितात. त्याऐवजी घडलेलं लिहा, उदा. आजीच्या औषधाच्या बाटलीवरचं ‘जेवणानंतर’ कोण वाचून दाखवायचं, आणि चुकीचं वाचलं गेलं तेव्हा काय झालं. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना महिनाभर आधी गाठा आणि हा निबंधही त्यांना द्या, नाहीतर ‘हुशार, मेहनती’ एवढंच येतं. पासपोर्ट, मार्कशीट आणि अर्ज, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं, घोळ नेमका तिथेच होतो.