पीएचडीच्या दोन ऑफर, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय – मदत हवी आहे

चांदणचुरा
दोन ग्रुपकडून पीएचडीची ऑफर आली आहे. पहिला ग्रुप ट्विस्टेड ग्राफीनवर (ग्राफीनचे दोन थर किंचित फिरवून एकमेकांवर ठेवलेले) कमी तापमानाची ट्रान्सपोर्ट, म्हणजे विद्युत रोधाची, मोजमापं करतो. दुसरा हिऱ्यातल्या एनव्ही सेंटरवर (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा) क्वांटम सेन्सिंग, म्हणजे सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रांचं मोजमाप, करतो. दोन्ही गाईड नावाजलेले आहेत, दोन्हीकडे पैसे आहेत. पहिल्या ग्रुपला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. पुढे कोणत्या विषयाला जास्त वाव आहे? "आवडेल ते कर" असं कृपया सांगू नका, आवड दोन्हींची आहे. जरा लवकर सांगा.

निर्वात
वावाचं नंतर बघू. आधी हे सांगा: ऑफर म्हणजे सहीचं पत्र, की मुलाखतीनंतर आलेला गोड ईमेल? पैसे किती वर्षांचे आणि कुठून येणार: गाईडच्या प्रकल्पातून, विद्यापीठाकडून, की तुमच्या नावावरच्या फेलोशिपमधून? प्रकल्पातून असतील तर तो संपतो कधी? नेमणूक तीन वर्षांची आणि प्रकल्पाचं आयुष्य दीडच वर्ष उरलेलं, हे होऊ शकतं. पत्रात ते आपणहून कोणी लिहीत नाही. आणि एमएस्सीला स्वतःच्या हाताने काय केलंय? क्लीनरूम (धूळमुक्त खोलीत डिव्हाइस बनवणं), ऑप्टिक्स, की फक्त कोड?

पानगळ
स्टेटमेंट ऑफ पर्पजची सुरुवात लहानपणच्या कुतूहलाने करू नका, निवड समिती ते वाचतच नाही. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोणता प्रश्न हाताळला, कोणत्या पद्धतीने आणि काय निघालं, एवढंच हवं. गाईडला ईमेल करताना त्यांच्या अलीकडच्या एकाच पेपरमधल्या एकाच आकृतीबद्दल नेमकं विचारा. मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधल्या (युरोपीय संघाच्या पैशांवरच्या पीएचडीच्या) जागा बघत असाल तर हे ध्यानात ठेवा: नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य झालं असेल तर अर्ज बाद. मग गुण कितीही असोत.

चांदणचुरा
पानगळ, अर्ज कधीच झालेत हो, ऑफर हातात आहेत.
निर्वात, दोन्ही सहीची पत्रं आहेत. पहिलीकडे तीन वर्षं, दुसरीकडे चार. पैसे कुठून येणार ते पत्रात नाही. एमएस्सीचा प्रोजेक्ट डीएफटीवर (पदार्थांची क्वांटम गणितं संगणकावर करणं) होता. पण आता प्रयोगच करायचेत, हे नक्की.

शीतकक्ष
डीएफटीवरून थेट प्रयोगाकडे येताय, हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. उत्तर त्यावरच ठरतं. विषयाला वाव किती हे विचारू नका. पहिलं वापरता येईल असं मोजमाप हातात यायला किती वेळ लागेल, ते विचारा. ट्विस्टेड ग्राफीनमध्ये तो वेळ जवळजवळ सगळा सॅम्पल बनवण्यात जातो.

काम काय असतं ते सांगतो. टेपने ग्राफीन आणि हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड (ग्राफीनला वरून-खालून झाकणारा इन्सुलेटर, पुढे नुसतं एचबीएन) सोलायचं आणि सिलिकॉन ऑक्साइडवर मायक्रोस्कोपखाली फ्लेक, म्हणजे पातळ तुकडे, शोधत बसायचं. एचबीएन साधारण १० ते ४० नॅनोमीटर जाडीचं, पायऱ्या किंवा भेगा नसलेलं हवं. मग पीडीएमएसच्या (रबरासारख्या मऊ पॉलिमरच्या) ठोकळ्यावर ताणलेल्या पॉलिकार्बोनेटच्या फिल्मने आधी एचबीएन उचलायचं. ग्राफीनचा एकच फ्लेक एएफएमच्या (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या) टोकाने किंवा लेझरने आधीच कापून ठेवलेला असतो. त्याचा अर्धा भाग उचलायचा, स्टेज १.१ ते १.२ अंश फिरवायचा आणि दुसरा अर्धा उचलायचा. हवा असतो तो सुमारे १.१ अंशाचा 'मॅजिक' कोन; थोडा जास्त फिरवतात, कारण पुढे कोन बहुतेक वेळा खालीच सरकतो. खालचं एचबीएन घेतलं की सगळी चळत सुमारे १८० अंश सेल्सिअसला चिपवर सोडायची. तिथेच बहुतेक डिव्हाइस मरतात. तापवताना थर घसरतात, कोन ०.८ वर येतो किंवा बुडबुडे अडकतात. साध्या ग्राफीनच्या डिव्हाइसला लोक अनिल करून, म्हणजे बराच वेळ तापवून, बुडबुडे घालवतात, इथे ते करायला गेलात तर कोन हातचा जातो.

एवढं करून कोन बरोबर आला का, हे डिव्हाइस थंड केल्यावरच समजतं. १.१ अंशाला मॉइरे सेल (दोन थरांच्या जाळ्यांतून उमटणाऱ्या नक्षीचं एक घर) साधारण १३ नॅनोमीटरची. तीत चार इलेक्ट्रॉन भरले की घनता सुमारे २.८ गुणिले १० चा १२ वा घात, दर चौरस सेंटिमीटरला. गेट व्होल्टेज फिरवत गेल्यावर रोधाचं शिखर त्या घनतेला दिसायला हवं. ही घनता कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे १.०५ आणि १.१५ अंशांत जवळपास २० टक्क्यांचा फरक पडतो, तो स्पष्ट ओळखू येतो. संपर्कांच्या वेगवेगळ्या जोड्यांवर शिखर वेगवेगळ्या व्होल्टेजला येत असेल तर एकाच डिव्हाइसमध्ये कोन जागोजागी बदलतोय, त्यावर पेपर उभा राहत नाही. हे सगळं ४ केल्व्हिनला (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस) समजतं. शहाणा ग्रुप ही चाळणी साध्या क्रायोस्टॅटमध्ये (सॅम्पल थंड ठेवणाऱ्या उपकरणात) लावतो आणि पास झालेलंच डिव्हाइस डायल्यूशन फ्रिजमध्ये (तो मिलिकेल्व्हिनपर्यंत थंड करतो) घालतो.

म्हणून पहिल्या ग्रुपला विचारा: ट्रान्सफर स्टेज किती आणि त्यावर माणसं किती? ४ केल्व्हिनचा वेगळा क्रायोस्टॅट आहे का? एचबीएन कुठून येतं? जगातल्या बहुतेक चांगल्या डिव्हाइसमधलं एचबीएन जपानमधल्या त्सुकुबाच्या एनआयएमएस या संशोधन संस्थेत तानिगुची आणि वातानाबे यांनी वाढवलेलं असतं, पेपरच्या लेखकांत त्यांची नावं म्हणूनच दिसतात. या ग्रुपच्या पेपरांत ती आहेत का, तपासा.

हॅमिल्टोनियन
डीएफटी येतं तर ते सोडून टेप सोलत का बसायचं? १.०५ अंशाच्या सेलमध्ये ११,९०८ अणू असतात. नेहमीच्या डीएफटीला हे झेपत नाही, पण म्हणूनच तिथे चांगल्या मॉडेलची गरज आहे. मॅजिक कोनाला सपाट बँड (इलेक्ट्रॉन जवळपास थबकतात अशी ऊर्जेची पातळी) येणार हे बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड या सिद्धांतकारांनी २०११ मध्ये एकेक अणू न धरणाऱ्या कंटिन्युअम मॉडेलवरून सांगितलं, प्रयोगात सुपरकंडक्टिव्हिटी (रोध शून्य होणं) दिसायला २०१८ उजाडलं. थिअरीच्या माणसाला फ्रिजची रांग नसते, हेलियमची टंचाई नसते. तिसरी ऑफर शोधा, थिअरीची.

शीतकक्ष
त्यांनी "प्रयोगच करायचेत, हे नक्की" असं लिहिलंय. शुक्रवार चार दिवसांवर असताना तिसरी ऑफर आणायची कुठून?

हॅमिल्टोनियन
मुद्दा एवढाच की या क्षेत्रात एका डिव्हाइसवर मोठे दावे होतात. मायोराना नावाच्या विशेष अवस्थेचा पुरावा म्हणून गाजलेला, क्वांटाइज्ड कंडक्टन्सचा नेचरमधला २०१८ चा पेपर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. पीएचडीचा विद्यार्थी अशात सापडला तर त्याने करायचं काय?

निर्वात
या प्रश्नाचा या निवडीत उपयोग होतो, थिअरीला जायची गरज नाही. ग्रुपचे गेल्या तीन-चार वर्षांतले पेपर उघडा. कच्चा डेटा कुठल्या तरी रिपॉझिटरीत ठेवलाय का? परिणाम किती डिव्हाइसवर दिसला? जी चालली नाहीत त्या डिव्हाइसचा पुरवणीत उल्लेख आहे का? आहे, तर तो ग्रुप बरा.

रानवारा
हे सगळं उणे तापमानात कशाला? खोलीच्या तापमानाच्या सुपरकंडक्टरवर पीएचडी मिळत नाही का? तसा दावा झालेल्या एलके-९९ या पदार्थाचं पुढे काय झालं?

निर्वात
अवांतर आहे, तरी थोडक्यात: ते सुपरकंडक्टर नव्हतं. सॅम्पलमध्ये कॉपर सल्फाइडची भेसळ होती आणि त्याची रचना १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते, त्यामुळे रोध एकदम पडलेला दिसत होता. शुद्ध स्फटिक वाढवल्यावर तो पदार्थ चक्क इन्सुलेटर निघाला. पुढची चर्चा वेगळ्या धाग्यावर करू या.

हिरकणी
सगळे ग्राफीनवरच तुटून पडलेत, एनव्हीचं कोणी बोलत नाही. धागाकर्तीसाठी महत्त्वाचं हे की इथे पहिला सिग्नल लवकर मिळतो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, कॉन्फोकल मायक्रोस्कोप, मायक्रोवेव्ह द्यायला सॅम्पलजवळ एक तार, आणि लाल प्रकाश मोजणारा डिटेक्टर. मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी २.८७ गिगाहर्ट्झवर आली की प्रकाश कमी होतो. चुंबकीय क्षेत्र दिलं की तो खळगा दोन भागांत फुटतो, दर मिलिटेस्लाला प्रत्येक बाजूने २८ मेगाहर्ट्झ. हे सगळं खोलीच्या तापमानाला, फ्रिजच्या रांगेशिवाय. ऑप्टिक्स जुळवायला शिकणं हे क्लीनरूम शिकण्यापेक्षा लवकर हाताशी येतं, कारण चूक झाली की लगेच दिसते.

अडतं कुठे तेही सांगते. तापमान एका केल्व्हिनने वाढलं की २.८७ ची रेषा सुमारे ७४ किलोहर्ट्झने खाली येते. एकच खळगा मोजत असाल तर मायक्रोवेव्हच्या तारेने तापलेला हिरा २.६ मायक्रोटेस्लाचं खोटं क्षेत्र दाखवतो. दोन्ही खळगे मोजून फरक घेतला की हे टळतं. दुसरी अडचण पृष्ठभागाची. पदार्थाचं क्षेत्र वाचायचं तर एनव्ही पृष्ठभागापासून १० नॅनोमीटरच्या आत हवं, आणि तिथेच त्याची कोहिरन्स (क्वांटम अवस्था टिकण्याचा काळ) पार घसरते. म्हणून हिरा कोण देतं, नायट्रोजन रोपण आणि नंतरचं अनिलिंग कोण करतं, कार्बन-१३ (चुंबकीय गोंगाट करणारा समस्थानिक) काढलेला हिरा मिळतो का, हे विचारा. हिऱ्यासाठी बाहेरच्या ग्रुपवर अवलंबून असाल तर तो यायला महिने लागतात.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: मोजायचं काय? सेन्सर सुधारणं हेच ध्येय असेल तर प्रबंध उपकरणाचा होतो. त्यात कमीपणा नाही, पण तुम्हाला पदार्थांचं भौतिकशास्त्र हवं असेल तर पदार्थ आधीच ठरलेला हवा. स्कॅनिंग एनव्हीने (टोकावरचं एनव्ही पृष्ठभागावरून फिरवून) क्रोमियम ट्रायआयोडाइड या थरांच्या चुंबकाच्या एकेका थराचं चुंबकत्व २०१९ मध्ये मोजलं गेलं. तशा कामात तुमची डीएफटी थेट उपयोगी पडते.

चांदणचुरा
खूप धन्यवाद. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना काल ईमेल केले होते, उत्तरं आली. पहिलीकडे दोन ट्रान्सफर स्टेज, एक डायल्यूशन फ्रिज पाच जणांत, ४ केल्व्हिनचा क्रायोस्टॅट वेगळा आहे. एचबीएन एनआयएमएसचं. पण डिव्हाइस बनवण्यात ज्याचा हात चालतो तो पोस्टडॉक लवकरच जाणार आहे. दुसरीकडे हिरे आहेत, पदार्थही ठरलाय (थरांचे चुंबक), पण पुढच्या वर्षी लॅब नव्या इमारतीत हलणार आहे. आता? आणि शुक्रवारची मुदत वाढवून मागितली तर वाईट दिसेल का?

शीतकक्ष
पोस्टडॉक जाणं ही मोठी गोष्ट आहे. स्टॅकिंगची (थर रचण्याची) रेसिपी कागदावर असली तरी कोणत्या वेगाने स्टॅम्प खाली आणायचा, फिल्म टेकल्याची कड लाटेसारखी पुढे सरकताना कुठे थांबायचं, हे शेजारी बसूनच कळतं. तुम्ही रुजू झाल्यावर तो निदान चार-सहा महिने तिथे असायला हवा. फ्रिज पाच जणांत म्हणजे ओढाताण होणार. थंड करणं आणि गरम करणं मिळून तीन-चार दिवस जातात. तळातून सॅम्पल भरायची सोय असेल तर काही तासांत भागतं, ते विचारा. इलेक्ट्रॉनचं तापमान मोजलंय का हेही विचारा. फ्रिज १० मिलिकेल्व्हिन दाखवतो आणि फिल्टर नीट नसतील तर इलेक्ट्रॉन १०० वर अडकलेले असतात.

हिरकणी
लॅब हलवायची तर ऑप्टिकल टेबल, नवीन खोलीतला कंप, एसीची स्थिरता, लेझर सुरक्षेची परवानगी, हे सगळं धरून सहा महिने गृहीत धरा. चार वर्षांची मुदत असल्याने ते सोसता येईल, तीनमध्ये सोसलं नसतं. त्या काळात चुंबकांची डीएफटी करता येईल. मी तरी दुसरीच घेईन.

शीतकक्ष
इमारतींच्या तारखा पुढे ढकलल्या जातातच, सहा महिने फार आशावादी आहे.

निर्वात
मुदत वाढवून मागायला हरकत नाही, मात्र शुक्रवारी नको, आजच. तीन वाक्यं पुरेत: ऑफरबद्दल आभार, निर्णयाआधी दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत (पैसे कुठून येतात व प्रकल्प कधी संपतो, आणि पोस्टडॉक कधीपर्यंत आहे), त्यासाठी पुढच्या बुधवारपर्यंत वेळ मिळेल का. दुसऱ्या ग्रुपचं नाव घेऊ नका. तारीख तुम्हीच सुचवा, "थोडा वेळ" असं मोघम लिहू नका. तीन वर्षांनंतर मुदतवाढ मिळते का आणि आधीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्षात किती वर्षं लागली, हे मात्र गाईडला विचारू नका. विभागाच्या संकेतस्थळावर प्रबंधांच्या तारखा असतात, रुजू झाल्याची तारीख जुन्या विद्यार्थ्यांकडून घ्या.

चांदणचुरा
ईमेल गेला, बुधवारपर्यंत वेळ मिळाला. पैसे गाईडच्या प्रकल्पातून आहेत आणि प्रकल्पाची सव्वादोन वर्षं उरली आहेत. उरलेल्या काळाचं "बघू" म्हणाले. उद्या दोन्ही लॅब व्हिडिओ कॉलवर दाखवणार आहेत. तेव्हा काय बघू?

निर्वात
उरलेले नऊ महिने विभागाकडून मिळतील असं लेखी येत असेल तरच पहिलीचा विचार पुढे न्या.

शीतकक्ष
पहिलीकडे लॉगबुकची शेवटची काही पानं दाखवा म्हणावं. गेल्या सहा महिन्यांत किती डिव्हाइस ४ केल्व्हिनला गेले, त्यातले किती फ्रिजमध्ये गेले, प्रत्येकाचा कोन किती आला. कोनांचा रकानाच नसेल तर तिथेच उत्तर मिळालं. फ्रिजच्या वायुपॅनेलजवळ नायट्रोजनचा कोल्ड ट्रॅप (आत शिरलेली हवा गोठवून अडकवणारा सापळा) शेवटचा कधी साफ केला तेही विचारा, गळतीची हवा आत गोठून फ्रिज तुंबतो की नाही ते त्यावरून कळतं.

हिरकणी
दुसरीकडे एकाच एनव्हीचा ताजा खळगा चालू मोजमापात दाखवायला सांगा, पेपरमधला नव्हे. आणि नव्या इमारतीतली खोली तळमजल्यावर आहे का, ते विचारा.