गावाची आरोग्य समिती चालते की नुसती रजिस्टरात? मोजायचं कसं?

रानपाखरू: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आमच्याकडेही आहे. परवा वही चाळली तर बारा महिन्यांच्या बारा सभा, सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाने. अनटाईड फंडाच्या (गावाने गरजेप्रमाणे खर्चायचा निधी) 10,000 मधून बाळांचा वजनकाटा घेतलाय म्हणे, अंगणवाडीत कुणी बघितला नाही. सभा मोजणं बंद करा राव, बाळं किती दगावली तेवढंच मोजा. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने तेच केलं ना, आरोग्यदूत बायका घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळायच्या आणि मृत्यू निम्म्याहून खाली आले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

जुना कारभारी: अहो पण तिथे 39 गावं होती आणि तुलनेला तसलीच 47 वेगळी. तुमचं गाव दीड हजाराचं, वर्षाला बाळंतपणं फार तर पंचवीस. एक बाळ गेलं की समिती नापास, पुढच्या वर्षी एकही नाही गेलं की पास? हा मटका झाला. सभा तरी दिसतात.

तिसरी पाळी: मी आशा आहे, म्हणून बोलते. दोघंही वरूनच मोजताय. 2007 पासून आपल्याकडे लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात गावातलेच लोक आरोग्य केंद्राचं रिपोर्ट कार्ड भरायचे, हिरवा पिवळा लाल, आणि मग जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांसमोर बाया उभ्या राहून विचारायच्या की बाहेरून औषध आणायला चिठ्ठी का देता. त्या दिवशी गाव संघटित आहे की नाही ते कळतं, वहीत नाही कळत.

जुना कारभारी: ताई, बोलणाऱ्या बाया ठरलेल्याच असतात. वस्तीवरची येते का?

तिसरी पाळी: म्हणूनच तर जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने 1970 नंतर निरक्षर, वस्तीवरच्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. येत नाही म्हणून सोडून द्यायचं नसतं दादा. बरं, आधी तो काटा शोधा, माझ्या नावावर चढवलाय का बघा.

रानपाखरू: सापडला. ग्रामपंचायतीच्या कपाटात, खोक्यासकट. चावी मिळायला चार दिवस गेले. काट्यात सेल नाहीत.