झाडे वाढली म्हणजे अधिवास वाढला असे म्हणता येईल का?

सावली:
वनक्षेत्राची आकडेवारी वाचताना मला नेहमी एक शंका येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येनुसार अर्ध्या हेक्टरहून मोठ्या जमिनीवर, पाच मीटरपेक्षा उंच वाढणाऱ्या झाडांचे छत्र दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर ती जमीन ‘वन’ या सदरात मोडते. याच व्याख्येत रबराची लागवड वनात धरली जाते, तेलताडाची मात्र धरली जात नाही. याच संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगातील वनक्षेत्र सुमारे ४०६ कोटी हेक्टर दाखवले असून त्यातील सुमारे ७ टक्के वन हे माणसाने लावलेले आहे. म्हणजे एखादे जुने वन तोडून तेवढ्याच जमिनीवर एकाच जातीची रोपे लावली, तर तक्त्यातला वनाचा आकडा जागचा हलणार नाही. परंतु त्या वनात राहणाऱ्या प्राण्यांचे काय होते? लाकडाचे उत्पादन आणि वन्यजीवांचा अधिवास ही दोन्ही उद्दिष्टे एकाच जमिनीवर साधता येतात का? जाणकारांनी शक्यतो उदाहरणे देऊन सांगावे.

ढोली:
आपली शंका योग्य आहे. वनशास्त्रात झाड कधी तोडायचे हे त्याच्या वाढीचा वेग ठरवतो. वाढ मंदावली की ते झाड उभे ठेवणे तोट्याचे ठरते. नेमके त्याच सुमारास ते अनेक प्राण्यांच्या उपयोगी पडू लागते, आणि या दोन हिशेबांमधला विरोध हेच बहुतेक प्रश्नांचे मूळ आहे.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील रेड-कॉकेडेड या सुतारपक्ष्याचे उदाहरण घेऊ. इतर बहुतेक सुतारपक्षी वठलेल्या किंवा कुजक्या लाकडात ढोली कोरतात, हा मात्र जिवंत पाइन वृक्षात कोरतो. त्यासाठी त्याला बहुधा ऐंशी ते शंभर वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड लागते, कारण बुरशीने गाभा मऊ केलेला असेल तरच काम त्याच्या आवाक्यात येते. तरीही एक ढोली पुरी व्हायला कित्येकदा काही वर्षे जातात. लाकडासाठी वाढवलेला पाइन त्या वयाला पोहोचतच नाही. त्यामुळे झाडे भरपूर असूनही हा पक्षी बेघर झाला आणि १९७० मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त जातींमध्ये करावी लागली. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने दक्षिण कॅरोलिनातील एका मोठ्या वनातली बहुतेक ढोलीची झाडे मोडून पडली, तेव्हा उरलेल्या खोडांमध्ये लाकडी पेट्या बसवून कृत्रिम ढोल्या तयार करण्यात आल्या आणि पक्ष्यांनी त्या स्वीकारल्या. झाडे जुनी होऊ देणे आणि जमिनीलगतची झुडपे नियंत्रित आगीने कमी ठेवणे याला या उपायाची जोड मिळाली. पुढे २०२४ मध्ये ही जात ‘संकटग्रस्त’ वर्गातून काढून त्याखालच्या, कमी धोक्याच्या वर्गात घालण्यात आली.

दुसरी बाब मेलेल्या लाकडाची. नीटनेटके वन पाहून आपल्याला बरे वाटते, पण उत्तर युरोपातील वनांत एकूण जातींपैकी सुमारे वीस ते पंचवीस टक्के जाती (भुंगे, बुरशी, दगडफुले इत्यादी) कुजत्या लाकडावर अवलंबून असतात. फिनलंडच्या नैसर्गिक जुन्या वनात असे लाकूड हेक्टरी ६० ते १२० घनमीटर भरते, तर उत्पादनासाठी राखलेल्या वनात ते सरासरी १० घनमीटरच्याही आत असते. वाकलेले, पोखरलेले झाड काढून टाकणे म्हणजे वनाची सफाई, ही समजूत वनकर्मचाऱ्यांइतकीच आपल्यासारख्या हौशी निसर्गप्रेमींमध्येही रुजलेली आहे, हे कबूल करायला हवे.

कवडसा:
ढोली यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण ‘जुने ते चांगले आणि तोड ती वाईट’ असा निष्कर्ष कुणी काढू नये म्हणून उलट बाजूचे उदाहरण देतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील कर्टलंड्ज वॉर्बलर हा वटवट्याच्या कुळाशी मिळताजुळता छोटा पक्षी जॅक पाइनच्या केवळ पाच ते वीस वर्षे वयाच्या दाट रोपवनात, खालच्या फांद्यांच्या आडोशाला जमिनीवर घरटे करतो. झाडे त्याहून मोठी झाली की तो ती जागा सोडतो. जॅक पाइनची फळे आगीच्या धगीने उघडतात, म्हणून पूर्वी वणवे हे काम करीत असत. वणवे रोखण्यात माणूस यशस्वी झाला आणि पक्षी उतरणीला लागला. १९७४ आणि १९८७ या दोन्ही वर्षी गाणारे नर अवघे १६७ मोजले गेले. त्यानंतर तो सावरला तो सरसकट तोड करून, मध्ये मोकळ्या जागा राखून पुन्हा दाट लागवड केल्यामुळे, आणि त्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या काऊबर्ड पक्ष्यांना पकडल्यामुळे. २०१९ मध्ये त्याचे नाव संकटग्रस्त यादीतून वगळण्यात आले. म्हणजे ज्या सरसकट तोडीने सुतारपक्ष्याचे घर जाते, तीच इथे घर उभे करते. म्हणून आधी प्राण्याचे नाव सांगितल्याशिवाय ‘अधिवास’ हा शब्द वापरूच नये, असे माझे मत आहे.

आडवाट:
वर दोघांनीही एका जागेच्या आतील रचनेविषयी लिहिले आहे. मला तोडीच्या मांडणीविषयी आणि वनाच्या कडेविषयी लिहायचे आहे.

ब्राझीलमधील मानाउस शहराजवळ १९७९ मध्ये थॉमस लव्हजॉय यांनी एक प्रयोग सुरू केला. कुरणांसाठी वन तोडले जाणारच होते. तोडताना १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे मुद्दाम शिल्लक ठेवायचे आणि त्यांत काय उरते ते वर्षानुवर्षे नोंदवायचे, अशी योजना होती. कडेलगतच्या सुमारे शंभर मीटरांच्या पट्ट्यात वारा आणि कोरडेपणा शिरून मोठी झाडे झपाट्याने मरू लागली. आता साधा हिशेब करा. शंभर हेक्टरच्या चौरस तुकड्यातून चारही बाजूंनी शंभर मीटर वगळले तर आत ६४ हेक्टर उरतात, दहा हेक्टरच्या तुकड्यात जेमतेम १.३५ हेक्टर उरतात आणि एका हेक्टरच्या तुकड्यात आतला भाग असा काही राहतच नाही. लष्करी मुंग्यांच्या मागे फिरून पोट भरणारे पक्षी लहान तुकड्यांतून लवकर नाहीसे झाले, आणि शंभर हेक्टरच्या तुकड्यांनीही झाडोऱ्याच्या खालच्या थरातील निम्म्या पक्षीजाती पंधरा वर्षांच्या आत गमावल्या. मात्र मधली कुरणे ओस पडून तिथे पुन्हा झाडी वाढली, तेव्हा काही पक्षी तुकड्यांत परतले. म्हणजे दोन वनांच्या मधल्या जमिनीवर काय आहे, यालाही वनाइतकेच महत्त्व आहे.

परिणाम किती आडवाटेने येतो याचे उदाहरण कॅनडातील कॅरिबूचे आहे. हा हरणाच्या कुळातील प्राणी हिवाळ्यात जुन्या वनातील दगडफुलावर जगतो. तोड झाल्यावर उगवणारा कोवळा पाला मूस (हरणाच्याच कुळातील एक मोठा प्राणी) आणि हरणांना मानवतो, त्यांची संख्या वाढते, त्यांच्यावर जगणारे लांडगे वाढतात, आणि त्याच लांडग्यांच्या तोंडी विरळ झालेले कॅरिबूही सापडू लागतात. तेल-वायूच्या शोधासाठी वनात आखलेल्या सरळ पट्ट्यांवरून लांडग्यांना अधिक वेगाने फिरता येते, ही त्यात भर. ब्रिटिश कोलंबियात २०१५ पासून कॅरिबूसाठी लांडगे मारण्याचा कार्यक्रम राबवला गेला. जुने वन तोडत राहायचे आणि दोष लांडग्यांच्या माथी मारायचा, हे मला व्यक्तिशः पटत नाही.

सावली:
सर्वांचे आभार. मग एकदा तोड झालेले वन अधिवास म्हणून निकामी झाले असे समजायचे का? कारण व्यवहारात बहुतेक उष्णकटिबंधीय वने अशीच हाताळलेली असतात.

आडवाट:
तसे मुळीच समजू नये, आणि या समजुतीमुळेच मोठे नुकसान होते. बोर्निओ बेटावरील, मलेशियातल्या साबा भागात दोनदा निवडक तोड झालेल्या वनांचा अभ्यास झाला, तेव्हा अस्पर्श वनातील पक्षी आणि शेणकिड्यांच्या जातींपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक जाती तिथेही आढळल्या. त्याच प्रदेशातील तेलताडाच्या लागवडीत वनपक्ष्यांच्या फारच थोड्या जाती टिकतात. तरीही ‘हे वन आधीच खराब झाले आहे’ असे म्हणून अशाच जमिनी लागवडीसाठी दिल्या जातात. माझ्या दृष्टीने हा भूमिवापराचा निर्णय लाकूडतोडीपेक्षा अधिक घातक ठरतो, कारण तोडलेल्या वनात परत वन होण्याची शक्यता उरलेली असते.

त्यात एक अट मात्र आहे. ओंडके बाहेर काढण्यासाठी केलेल्या रस्त्यांवरून पुढे शिकारी आणि वस्ती आत शिरते, आणि मग झाडे उभी असलेल्या वनातही मोठे प्राणी दिसेनासे होतात. त्यामुळे एखाद्या वनक्षेत्राचा तोडीचा आराखडा हाती आला, तर हेक्टरी किती झाडे तोडणार हा आकडा मी नंतर पाहतो. काम संपल्यावर कोणते रस्ते आणि पूल उखडून बंद केले जाणार आहेत, याचे कलम त्यात आहे की नाही, ते आधी शोधतो.

ढोली:
याच कलमाच्या जोडीला आणखी एक पाहावे. तोडीच्या वेळी खुणा करून कायमची राखायची झाडे कोणती, आणि पुढच्या फेरीतही तीच राखली जातील याची नोंद कुठे होते? दर फेरीला नवी झाडे राखली, तर ती केवळ एका आवर्तनापुरती उभी राहतात, आणि ढोली पडण्याइतके वय त्यांतल्या एकाही झाडाला लाभत नाही.