अनुभव: लायसन हरवलं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

आमच्या दादाचं लायसन गेल्या महिन्यात गेलं. तवंदी घाटाखाली टायर बदलताना वरच्या खिशातलं पाकीट पडलं, आणि कळलं कोगनोळीच्या टोलनाक्यावर. मागं बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतलं कास्टिंग (लोखंडी ओतकाम), माल पुण्याचा. मालक म्हणाले, गाडी बाजूला लाव, चालवू नकोस. ई-वे बिलाला, म्हणजे मालाबरोबरच्या ऑनलाइन कागदाला, २०० किलोमीटरमागं एक दिवस मिळतो, म्हणजे पुण्यापर्यंत दोनच. दुसरा ड्रायव्हर आला, दादा एसटीनं घरी. खेप गेली, भत्ता गेला. तेव्हापासून तो अंगणात नुसता बसून असतो, बघवत नाही.

सीमाभागातल्या गाडीवाल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपलं लिहावं.

*खानापूर*
माझं अनमोड घाटात हरवलं. तक्रार कन्नडमध्ये द्यायची होती. मला बोलता येतं, लिहिता येत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरानं लिहून दिली, पैसे घेतले नाहीत. देव त्याचं भलं करो. पण लायसन नंबर पाठ नव्हता. बायकोनं गव्हाच्या डब्याखालून जुनी झेरॉक्स काढली. घडीवर अक्षरं उडालेली, 'केए २२' च्या पुढं एक आकडा ३ की ८ कळेना. शेजारच्या पोरीनं सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, दोन्ही घालून बघितले, जन्मतारखेशी ३ चा जुळला. मग तक्रारीची पोच जोडून डुप्लिकेटचा अर्ज भरला. नंबर आता दारामागं खडूनं लिहिलाय.

*संकेश्वर*
मोबाईलमधला नुसता फोटो चालत नाही, मला त्यावरनं अडवलं होतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधलं दाखवा. २०१८ च्या नियमबदलापासून ते कार्डाइतकंच धरतात. तुमच्या दादाचं लायसन चालू आहे, फक्त कार्ड नाही. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर आजच उतरवून घ्या.

*निपाणी*
वरचं आमच्या मामांना लागू पडलं नाही. त्यांचं लायसन कोल्हापूरचं, पुस्तकाच्या काळातलं, संगणकावर नोंदच नाही. आधी तिथं जाऊन नोंद चढवायची, मगच डुप्लिकेट. हे सगळं ऐन ऊसाच्या हंगामात! मामांनी उभ्या आयुष्यात कुणापुढं हात पसरला नव्हता, त्या महिन्यात उचल मागावी लागली. ज्यांच्याकडं अजून जुनं पुस्तक आहे त्यांनी ते हरवायची वाट बघू नका.

*बेळगाव, टँकर*
डुप्लिकेट हातात आलं की मागची बाजू वाचा. माझ्यावर धोकादायक मालाची नोंदच छापून आली नव्हती. हेवी (जड गाडीची नोंद) होतं, तेवढं बघून मी खिशात घातलं. प्लांटच्या गेटवर परत पाठवलं. ती नोंद नसेल तर गॅसची गाडी हातात देत नाहीत, आणि बरोबरच आहे ते.

*धागा काढणारी*
सगळ्यांचे मनापासून आभार. दादाचं डिजिलॉकरवर मिळालं, त्याच रात्री त्याला दाखवलं. कार्ड काल पोस्टानं आलं. मागची बाजू दोनदा वाचली. वहिनींनी खिशाला आतून बटण लावून दिलंय. उद्या पहाटे त्याला पुण्याचं भाडं आहे.