‘पाळी’ आणि ‘शिफ्ट’ : अर्थ एकच की वेगळा?

प्रश्न : महापे येथील एका कार्यालयाच्या सूचनाफलकावर ‘दुसऱ्या पाळीतील कर्मचारी’ असे लिहिलेले पाहून माझ्या मैत्रिणीला तो शब्द खटकला, तिच्या मते ‘शिफ्ट’च योग्य. दोन्ही शब्दांत काही फरक आहे का?

उत्तर : आपल्या मैत्रिणीचा संकोच मासिक पाळीच्या अर्थामुळे असावा, आणि तो समजण्याजोगा आहे; मात्र त्यासाठी ‘पाळी’ हा शब्द सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते. संस्कृत ‘पालि’चे अर्थ कड, रांग आणि कानाची पाळी असे आहेत. रांगेवरून क्रम, आणि क्रमावरून ‘वेळ येणे’ हा अर्थ रूढ झाला असावा. पाटाच्या पाण्याची पाळी असते, तेव्हा थोडे पाणी अनेक शेतांत वाटले जाते. कारखान्यात मात्र न थांबणाऱ्या यंत्रापाशी माणसे वाटली जातात.

हा बदल वाफेच्या यंत्राबरोबर लगेच आला नाही. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली, तरी पुढे कितीतरी वर्षे गिरण्यांचे काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंतच चाले. विजेचे दिवे आले आणि सूर्याची ही मर्यादा सुटली. आधी त्याच कामगारांचे तास लांबले, मग १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामाला दिवसाला १२ तासांची सीमा घातली. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढांसाठी आठवड्याला ४८ तास ठरवले. यंत्र चोवीस तास चालवायचे आणि माणूस आठच तास राबवायचा, तर तीन पाळ्या आल्याच. म्हणजे आजची ‘पाळी’ वीज आणि कायदा या दोघांनी मिळून घडवली आहे.

माझे वडील ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये होते. कालनिर्णयच्या पानावर आई पेन्सिलीने ‘१’, ‘२’, ‘३’ लिहीत असे, आणि ‘३’च्या आठवड्यात दुपारी कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही, असा घरचा नियम होता. रात्रपाळी हा शब्द आम्हा मुलांना त्या शांततेवरून कळला.

संगणकाच्या काळात ऐरोली-महाप्याच्या कार्यालयांत ‘नाइट शिफ्ट’ आली, तिचे कारण यंत्र नसून दूरचा ग्राहक आहे : आपल्याकडे संध्याकाळ होते तेव्हा अमेरिकेत सकाळ असते. त्यामुळे ‘शिफ्ट’ ऐकताना मला परक्या देशाचे घड्याळ आठवते आणि ‘पाळी’ ऐकताना भोंगा. हा फरक अर्थाचा कमी, आठवणींचा अधिक आहे. लेखनात दोन्ही चालतील, पण ‘रात्रपाळी’ला तितकाच नेमका पर्याय मला सापडलेला नाही.

पुरवणी प्रश्न : घरपोच जेवण आणून देणारी मुले ‘लॉगिन केले’ म्हणतात. त्यांच्या कामाच्या वेळेला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : तिथे आधीचा माणूस जात नाही आणि पुढचा त्याच्या जागी येत नाही, म्हणून ‘पाळी’ लागू पडत नाही. ‘हजेरी’ मला जवळचा वाटतो. त्या मुलांपैकीच कोणी वेगळा शब्द वापरत असल्यास इथे अवश्य लिहावा.