रेफ्रीभोवतीचा घोळका : राग की डावपेच?

(फुटबॉलप्रेमींची चर्चा. प्रत्येकाच्या म्हणण्याच्या वर त्याचं टोपणनाव आहे.)

आडवा पास

यूरो २०२४ या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेआधी यूएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, सगळ्या संघांना बजावलं होतं : निर्णयाबद्दल रेफ्रीशी बोलायचं तर फक्त कॅप्टनने. दुसरा कोणी हुज्जत घालायला आला की पिवळं कार्ड. कॅप्टन गोलकीपर असेल, तर त्याच्या वतीने बोलणाऱ्या एका खेळाडूचं नाव आधीच द्यायचं. (दर फाउलला गोलकीपरने अर्धं मैदान ओलांडून यायचं म्हणजे सामना दोन तासांत संपायचा नाही.)

स्पर्धा सुरू झाली आणि पेनल्टीनंतर रेफ्रीभोवती जमणारा घोळका एकदम विरळ झाला. हेच खेळाडू महिनाभर आधी आपापल्या क्लबकडून खेळताना रेफ्रीला मागे मागे रेटत नेत होते. मग तेवढ्यात त्यांचे स्वभाव बदलले? छे. कार्ड खरंच निघणार हे कळलं, एवढंच.

म्हणून "भावनेच्या भरात होतं हो" हे मला पटत नाही. ओरडल्याने दिलेली पेनल्टी परत जात नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. तो ओरडतो पुढच्या निर्णयासाठी. आत्ता चौघांनी कान किटवून ठेवले, की वीस मिनिटांनी एखाद्या शंकास्पद टॅकलला शिट्टी आपल्या बाजूने वाजेल, असा हिशोब असतो. आज उधारी द्यायची, वसुली पुढच्या फाउलवर.

नवीन कायदा नकोच आहे. खेळाच्या नियमावलीतला नियम ५ म्हणतो की रेफ्री आणि इतर पंचांच्या निर्णयांचा नेहमी आदर राखला पाहिजे. नियम १२ प्रमाणे शब्दाने किंवा कृतीने नाराजी दाखवली तर पिवळं, शिवीगाळ केली तर थेट लाल. हे आहे तसं लावा. पहिले पंधरा दिवस सामने नऊ-नऊ जणांत संपतील. संपू देत.

बाकावरचा

साफ असहमत.

३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड दिला. व्हीएआरच्या (व्हिडिओ पाहून निर्णय तपासायच्या) खोलीतल्या पंचांना वाटलं की मैदानावर गोलच दिलाय, म्हणून त्यांनी "तपासणी पूर्ण" कळवलं. खेळ सुरू झाला, चूक लक्षात आली आणि आता नियमाने मागे जाता येत नाही म्हणून सगळे गप्प. चांगला गोल गेला, लिव्हरपूल २-१ हरलं. खोलीतलं संभाषण तीन दिवसांनी ऐकायला मिळालं.

अशा वेळी खेळाडूने काय करायचं? हात मागे बांधून "आदर आहे सर" म्हणायचं? स्ट्रायकरने सोपी संधी घालवली तर तो पुढच्या सामन्यात बाकावर (मला अनुभव आहे, नावावरून ओळखलंच असेल). कोच हरला तर नोकरी जाते. रेफ्रीला पत्रकारांसमोर बसावंसुद्धा लागत नाही, आणि कोच त्याच्याबद्दल वाकडं बोलला तर कोचला दंड. यालाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात.

आणि चुका काय थोड्या आहेत? २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये रेफ्री ग्रॅहॅम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दाखवली. तीन! दुसऱ्यानंतर लाल दाखवलंच नाही.

आडवा पास

पोल यांचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम केलंत. त्या सामन्यानंतर त्यांना घरी पाठवलं, आणि पुढे अशा मोठ्या स्पर्धांतून त्यांनी स्वतःच निवृत्ती घेतली. याला हिशोब नाही तर काय म्हणायचं?

डियाझच्या गोलाचंही तेच. चूक झाली दूरच्या एका खोलीत. मैदानावर बावीस जणांनी घसा फोडला असता तरी तिथे काय ऐकू गेलं असतं?

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२५ मध्ये रेफ्री मायकल ऑलिव्हर यांनी आर्सेनलच्या लुईस-स्केलीला वुल्व्हजविरुद्ध लाल कार्ड दिलं. क्लबने अपील केलं, काही दिवसांत कार्ड रद्द. म्हणजे दाद मागायची जागा आहे. पण तोवर ऑलिव्हर यांना धमक्या आल्या होत्या, पोलिसांना लक्ष घालावं लागलं. एका लाल कार्डासाठी!

शिट्टीवाला

मी हौशी सामन्यांत रेफ्री म्हणून उभा राहतो, बरीच वर्षं झाली. तुम्ही दोघं टीव्हीवरच्या सामन्यांबद्दल बोलताय. तिथे पंचाला चार साथीदार असतात, कानात यंत्र असतं, बाहेर सुरक्षारक्षक असतात. आमच्याकडे कधीकधी लाइनमनही नसतो. ऑफसाइड मीच बघायचा, तोही तीस मीटर मागून.

पहिल्याच सीझनला चौदा वर्षांखालच्या पोरांचा सामना होता. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली. पोरं काही बोलली नाहीत. एकाचे वडील मात्र मैदानात आले, आणि सामना संपल्यावर गेटपर्यंत माझ्या मागे. मारलं वगैरे नाही, फक्त सोबत चालत राहिले, बोलत राहिले. मला आजही त्यांचे शब्द आठवत नाहीत. चप्पल घासत चालण्याचा आवाज आठवतो. माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी निम्मे तरी असल्याच कारणांनी सोडून गेले.

हे कुठवर जातं तेही बघा. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये मुलाच्या सामन्यात हौसेने लाइनमन झालेल्या एका बापाला समोरच्या संघातल्या पोरांनी मारलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तानात बरोबरीत सुटलेल्या सामन्यानंतर रेफ्री हलील उमुत मेलेर यांच्या तोंडावर ठोसा बसला. मारणारा कोण, तर अंकारागुजू क्लबचा अध्यक्ष! सगळी लीग थांबवावी लागली.

तरीही आडवा पास यांच्याशी पूर्ण सहमत नाही. फक्त कॅप्टन बोलणार, हे मोठ्यांच्या सामन्यात ठीक. मी सामन्यात जितका बोलतो तितकी कार्डं कमी लागतात. "सहा नंबर, पाहिलं मी, पुढच्या वेळी देणार" एवढ्यावर अर्धी भांडणं मिटतात. ती दारं बंद केली तर माझ्याकडे फक्त खिसा उरतो.

मला जास्त पटलेला उपाय म्हणजे दहा मिनिटं बाहेर बसवणं. इंग्लंडमध्ये २०१७-१८ ला ३१ हौशी लीगमध्ये करून पाहिलं, हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी उतरलं, आणि २०१९ पासून तिथल्या सगळ्या तळाच्या स्पर्धांत लागू झालं. का चालतं सांगू? तुमचा उधारीचा मुद्दा बरोबर आहे, पण पिवळं कार्डही उधारीच आहे. खेळाडू ते खिशात घालून नव्वद मिनिटं खेळतो. दहा मिनिटं बाहेर म्हणजे रोख. आणि सोबतचे दहा जणच त्याला "गप बस रे" म्हणू लागतात.

कॉर्नर फ्लॅग

रग्बी बघा रग्बी! सव्वाशे किलोची माणसं रेफ्रीला "सर" म्हणतात. हुज्जत घातली की पेनल्टी दहा मीटर पुढे. विषय संपला.

बाकावरचा

ते फुटबॉलमध्येही करून झालंय. इंग्लंडमध्ये २००० च्या सुमारास हुज्जतीबद्दल फ्री किक दहा यार्ड पुढे न्यायला लागले आणि २००५ मध्ये प्रकार गुंडाळला. रग्बीत दहा मीटर म्हणजे सरळ फायदा. इथे गोलसमोरच्या बॉक्सच्या तोंडाशी चेंडू आणला तर बचाव करणाऱ्यांच्या भिंतीवरून उचलून खाली आणायला जागाच उरत नाही. शिक्षा नक्की कोणाला?

आणि रग्बीतली मुख्य गोष्ट तुम्ही सोडलीत. तिथे रेफ्रीच्या अंगावर माइक असतो, तो काय म्हणाला ते घरी बसलेल्यालाही ऐकू येतं. "सर" उगाच म्हणत नाहीत, तो सर त्यांना कारण सांगतो.

पोपटी जर्सी

एक शंका. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओसासुनाविरुद्ध रियाल माद्रिदच्या बेलिंगहॅमला शिवीसाठी लाल कार्ड मिळालं. त्याचं म्हणणं, मी स्वतःशीच बोललो. रेफ्रीचं म्हणणं, मला उद्देशून बोलला. शिवी इंग्रजी, रेफ्री स्पॅनिश. दोन सामन्यांची बंदी. आता शिवीचं व्याकरण पण तपासायचं का?

शिट्टीवाला

शिवी देताना तोंड कुठे होतं ते बघायचं. भाषा कुठलीही असो.

गोलपोस्टमागची

मघापासून सगळे ओरडण्यावर बोलताय. मला वाटतं रेफ्रीचा खरा अपमान ओरडण्यात नाहीच, त्याला फसवण्यात आहे. तोंडावर बोलणारा निदान समोर तरी असतो. जो धक्का न लागता बॉक्समध्ये पडतो, तो हजारो लोकांसमोर रेफ्रीला मूर्ख बनवतो आणि वर उठून त्याच्याशी हात मिळवतो.

१९८६ च्या वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी आठवा, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनाने हाताने गोल केला आणि साजरा करत पळाला. रेफ्री अली बेन्नासूर यांच्यामागे धावले, हुज्जत घातली, ते इंग्लंडचे खेळाडू. आणि तेच बरोबर होते! आडवा पास यांच्या नियमाने त्या दिवशी कार्ड कोणाला मिळालं असतं? इंग्लंडचा कॅप्टन शिल्टन हा गोलकीपरच होता, म्हणजे तोही वाद.

२०१५ मध्ये मॅराडोना ट्युनिशियात बेन्नासूर यांच्या घरी गेला, सही केलेली जर्सी दिली, मिठी मारली. गोड वाटतं ऐकायला. पण एकोणतीस वर्षं "त्या गोलाचा रेफ्री" म्हणून कोण जगलं?

उलट मिरोस्लाव क्लोजे. २०१२ मध्ये लाझिओकडून नेपोलीविरुद्ध चेंडू हाताला लागून आत गेला, गोल दिला गेला, आणि त्याने स्वतः जाऊन रेफ्रीला सांगितलं. गोल रद्द. लाझिओ ३-० हरलं, तेही असो. २०१४ मध्ये ब्रेमेनच्या आरोन हुंटने तर मिळालेली पेनल्टी परत केली, "मला कोणी पाडलं नाही" म्हणून. ही दोन नावं पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, कारण तिसरं पटकन आठवत नाही.

आडवा पास

१९८६ चा मुद्दा लागला. मान्य, नियम जसाच्या तसा लावला तर खरं बोलणाऱ्याला कार्ड आणि खोटं बोलणाऱ्याला गोल, असं होऊ शकतं. पण तेव्हा ओरडून गोल गेला का? नाही ना. आज तो व्हीएआरने काही सेकंदांत गेला असता. फसवणुकीवर कॅमेरा, हुज्जतीवर कार्ड. दोन्ही हवं.

बाकावरचा

आणि निर्णयावर स्पष्टीकरण! २०२३ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये रेफ्रीने माइकवरून व्हीएआरचा निर्णय सगळ्या स्टेडियमला सांगितला. आभाळ कोसळलं नाही. हे सगळीकडे करा, मग लावा तुमचा कॅप्टनवाला नियम. मी पहिला टाळ्या वाजवीन.

शिट्टीवाला, तुम्हाला राग येतो का हो कोणी कारण विचारलं तर?

शिट्टीवाला

विचारण्याचा कधीच नाही. गेल्याच सामन्यातली गोष्ट. मी फाउल दिला, त्यांचा कॅप्टन चालत आला. धावत नाही, चालत. "सर, काय दिसलं तुम्हाला?" म्हटलं, पायाला पाय लागलेला दिसला. "आधी चेंडू लागला होता सर," म्हणाला आणि मागे फिरला. रात्री जेवताना डोळ्यांसमोर आणून पाहिलं. बहुधा त्याचंच बरोबर होतं.

आडवा पास

एकच प्रश्न, खरं उत्तर द्या. त्यानंतरचा शंकास्पद निर्णय कोणाच्या बाजूने गेला?

शिट्टीवाला

थ्रो-इन होता. त्यांनाच दिला.